पडवीतलं बेट

आमच्या घरी अमावास्येला दाराशी नारळ फुटतो आणि बॅटरीत पाणी पडतं. पहिली रीत आजोबांच्याही आधीची. दुसरी अण्णांनी २००७ साली सुरू केली. इन्व्हर्टर बसवणारा मुलगा सांगून गेला होता, "काका, महिन्याला एकदा पाणी बघत जा." महिना म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे अण्णांनी पंचांगावर सोपवलं. तेव्हापासून अमावास्येला सकाळी आंघोळ झाली की ते पडवीत जाऊन ट्रॉलीचं झाकण उघडायचे आणि सहा बुचांमधल्या सहा काड्या चष्मा वर करून बघायचे. काडी खाली गेली असेल तिथे डिस्टिल्ड वॉटर, अगदी सफाईने. टर्मिनलवर पांढरट बुरशी धरली असेल तर गरम पाणी, मग कोरडं फडकं आणि मग व्हॅसलीन. एकदा धाकट्या काकांनी सद्भावनेने फिल्टरचं पाणी ओतलं, तर अण्णा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, शिलाई मशीन यांच्या रांगेत बॅटरीलाही हळदकुंकू मिळायचं. उदबत्ती मात्र नाही. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "देवाला ओवाळा, हिला लांबूनच नमस्कार," असं ते म्हणायचे.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत वीस मिनिटांवर. नारळ-पोफळीच्या वाड्या, आणि वाड्यांमधून गेलेल्या विजेच्या तारा. नारळाची झावळी आणि विजेची तार यांचं वैर कोकणात पिढीजात आहे, त्यामुळे लाईट जाणं आम्हाला नवीन नव्हतं. पण भारनियमन ही वेगळी चीज होती. ६ जून २००५ रोजी जुन्या वीज मंडळाच्या तीन कंपन्या झाल्या आणि पुढची सहा-सात वर्षं महाराष्ट्राच्या गावांनी घड्याळ लावून अंधार भोगला. पेपरात वेळापत्रक यायचं. वाटणीही गंमतशीर होती: ज्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या लाइनीवर, गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त. ए गटापासून जी गटापर्यंत शाळेतल्यासारख्या तुकड्या होत्या. उन्हाळ्यात दिवसाचे दहा-दहा तास जायचे. मुंबईत तेव्हाही दिवे जात नसत, आणि पाहुणे आले की ते आम्हाला सांगायला विसरत नसत.

त्या अंधाराबद्दल लोक आता फार गोड बोलतात. ओटीवर जमायचो, गप्पा व्हायच्या, चांदणं दिसायचं. मला डास आठवतात. आई चुलीपुढे घामाघूम व्हायची ते आठवतं, आणि दहावीच्या वर्षी कंदिलाच्या काचेवर पोळलेलं मनगट. पण एक गोष्ट खरी होती. लाईट आली की सगळ्या वाडीतून एकदम आवाज उठायचा: "आऽऽली!" मुलं ओरडायची, पण मोठेही ओरडायचे. शेजारच्या सत्तरीच्या आजीसुद्धा. आणि वेळापत्रक सोडून लाईट गेली की दहा मिनिटांत चार घरांतून ऑफिसला फोन जायचे, आणि कुणीतरी सायकल काढून वायरमनच्या घरी निघालेलं असायचं.

आमच्याकडे इन्व्हर्टर आला त्या संध्याकाळी अर्धी वाडी बघायला जमली होती. साडेसातला लाईट गेली. पडवीतून 'टक' असा आवाज आला आणि माजघरातला दिवा क्षणभर मिचकावून लागलेलाच राहिला. पंखा फिरत होता, पण घुंऽऽ असा भुंगा अडकल्यासारखा आवाज करत. स्वस्तातला स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर होता तो, पंख्याला त्याची वीज मानवत नसे. सगळ्यांनी कौतुक केलं. बाहेर ठार काळोख आणि आमची खिडकी तेवढी पिवळी. त्या रात्री साडेदहाला लाईट आली तेव्हा वाडी ओरडली. आम्ही ओरडलो नाही. आम्हाला कळलंच नव्हतं.

मग एकेक करत घरं वाढत गेली. आधी शिक्षकांचं, मग दोन मुंबईकरांची बंद घरं, मग लॉजवाले. पाचेक वर्षांत ज्यांना परवडत होतं त्या सगळ्यांकडे 'टक' होऊ लागलं आणि वाडीचा तो ओरडा विरळ होत गेला. फोन तर जवळजवळ थांबलेच. कारण ऑफिसला फोन करणारे, भांडू शकणारे, साहेबाचं नाव माहीत असणारे आणि इन्व्हर्टर परवडणारे लोक तेच होते. उरली ती चार-पाच घरं. शेजारच्या वहिनींचं त्यातलंच एक. वहिनी एकदा सहज म्हणाल्या, "तुमचा दिवा बघून आम्हाला वाटतं लाईट आहे, आमचाच फ्यूज गेलाय." त्या वाक्याला कुठलीच धार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

या बॅटरीत नेमकं मावतं किती, हे मी पुष्कळ उशिरा, नोकरीला लागल्यावर मोजलं. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. गुणाकार केला तर १८०० वॅट-अवर, म्हणजे १.८ युनिट. त्यातली सगळी काढायची नसते, पार रिकामी केली की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य घटतं. इन्व्हर्टर मधल्या मधे आपला वाटा कापून घेतो. झपाझप वापरली तर ती आणखीच कमी देते. हाती राहतं सव्वा युनिट, फार तर. म्हणजे आजच्या दराने दहा-पंधरा रुपयांची वीज सांभाळायला आपण काही हजारांची, पन्नास किलोंहून जड पेटी घरात आणून तिची अमावास्या पाळतो. अण्णांना हा हिशेब सांगितला तेव्हा ते म्हणाले, "देवघरातल्या समईत तेल किती रुपयांचं असतं?"

पण हिशेब कळला की घर वेगळं दिसायला लागतं. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा, बीएलडीसी मोटरचा, तिशीच्या आसपास. दोन पंखे बदलले तर तीच बॅटरी दुप्पट चालते. नवी बॅटरी घेण्यापेक्षा हे स्वस्त, पण दुकानदार ते सांगत नाही आणि आपण विचारत नाही. पाण्याच्या पंपाचं मात्र काही जमत नाही. १ एचपी म्हणजे साडेसातशे वॅट, म्हणून तेवढा पंप ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर चालेल असं वाटतं. पण चालताना तो त्याहून जास्तच घेतो. सुरू होताना तो त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो, आणि इन्व्हर्टर एक केविलवाणी शिटी मारून बसतो. हे आम्ही प्रयोगाने शिकलो.

३ जून २०२०. मार्चमध्ये मी पुण्याहून गावी चार दिवसांसाठी आले होते ती टाळेबंदीत तिथेच अडकले होते. सकाळीच लाईट काढली होती. दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागलं, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्याने. त्या दोन-तीन तासांबद्दल मी याआधीही लिहायचा प्रयत्न केलाय, जमत नाही. कौलं उडताना आवाज करत नाहीत, एवढंच सांगते. वाऱ्याच्या आवाजात ते बुडून जातं. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडीतून थेट समुद्र दिसत होता. आजोबांनी लावलेल्या रोठा सुपारीच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पडलेल्या. डीपी, म्हणजे वाडीचा ट्रान्सफॉर्मर, तिरपी होऊन एका फणसाला टेकली होती. खांब मोजायला गेलो आणि अकराच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

रात्री आम्ही पंखा लावून झोपलो. आज लिहितानाही लाज वाटते, पण तसंच केलं. तेरा वर्षांची सवय होती, लाईट गेली की इन्व्हर्टर असतो आणि सकाळपर्यंत लाईट येते. दुसऱ्या रात्री पंखा बंद, एक ९ वॅटचा दिवा. ५ तारखेला संध्याकाळी इन्व्हर्टरने लाल डोळा दाखवला आणि शिट्या मारत मान टाकली. नंतर कळलं की आम्ही दिव्यापेक्षा जास्त वीज इन्व्हर्टरलाच खाऊ घातली होती. काहीही न लावता तो नुसता चालू ठेवला तरी दहा-पंधरा वॅट घेतो. दिवसा त्याचं बटण बंद करायचं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आमच्या वाडीत लाईट आली ती सव्विसाव्या दिवशी.

बॅटरी म्हणजे वीज नव्हे, हे त्या सव्वीस दिवसांत समजलं. ती पाण्याचा हंडा आहे, विहीर नाही. भरणारंच कुणी नसेल तर हंडा पितळेचा असो की सोन्याचा. मोबाईल चार्ज करायला लोक लांबवर एका जनरेटरपाशी रांग लावत होते, पण टॉवरच्या बॅटऱ्याही उतरल्या होत्या, त्यामुळे चार्ज केलेल्या फोनचा उपयोग विजेरीपुरता. खरी ओढाताण पाण्याची झाली. विहीर काठोकाठ आणि पंप मुका. बारा वर्षं अडगळीत पडलेला रहाट काकांनी काढून बसवला. वहिनींचं इन्सुलिन आईने दोन मडकी एकात एक ठेवून, मधे ओली वाळू भरून त्यात ठेवलं आणि ती वाळू रोज दोनदा ओली केली. आमचा फ्रीज तेव्हा बुरशी धरून उघडा पडला होता.

आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या जिल्ह्यांतली माणसं खांब उभे करायला आली. शाळेत उतरली होती. त्यांच्यातल्या एका लाइनमनचं मला अजून आठवतं. चाळिशीचा, विदर्भाकडच्या बोलीचा. आमच्या दारापुढच्या खांबावर चढायच्या आधी तो खालून मोठ्याने ओरडला, "कोनाकडं जनरेटर चालू हाय का? असंल तं बंद करा!" कुणी हलेना. मग त्याने स्वतः चार घरं फिरून बघितलं. एका लॉजवाल्याने जनरेटरची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये घुसवली होती, मेन स्विच न काढता. लाइनमनने त्याला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. नंतर तो ओट्यावर पाणी प्यायला बसला तेव्हा अण्णांनी विचारलं, एवढा का तापलास? तो म्हणाला, काका, घरातून निघालेली तुमची २३० व्होल्टची वीज तारेवरून उलटी डीपीत शिरते, आणि डीपी काय, ती दोन्हीकडून चालते. पलीकडे तिची ११ हजार होते. वर मी असतो. ऑफिसातून लाइन बंद आहे म्हणून मी हात लावतो. त्याने पिशवीतली साखळी दाखवली. तिन्ही तारा एकमेकींना जोडून जमिनीत उतरवायची, मगच कामाला हात. "हिच्यावर भरोसा," तो म्हणाला, "लोकांवर नाही."

लाईट आली तेव्हा वाडी ओरडली. तेरा वर्षांनी आम्हीही ओरडलो.

बॅटरी मात्र मेली होती. शिशाची बॅटरी रिकामी करून तशीच आठवडेन् आठवडे ठेवली की आत प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मुतखड्यासारखं, आणि मग सुटत नाही. तासाभरात 'फुल' दाखवायची आणि दहा मिनिटांत झोपायची. भंगाराच्या भावाने जुनी देऊन अण्णांनी नवी आणली. शिशाचं एक बरं आहे, मेलेल्या बॅटरीलाही किंमत असते, सगळं वितळवून पुन्हा बॅटरीच होते. १८५९ साली, म्हणजे सत्तावनच्या बंडानंतर दोन वर्षांनी, गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने ही चीज पहिल्यांदा बनवली. आमच्या पडवीत होती ती तिचीच पणती-खापरपणती. 

२०२४च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान. मी अण्णांच्या मागे लागले आणि दिवाळीनंतर आमच्या नव्या पत्र्यावर पॅनेल चढली. बिल खाली आलं, अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाईलवर युनिट दाखवू लागले. जानेवारीत एके दिवशी भर दुपारी लाईट गेली. आभाळ निरभ्र, पॅनेल तापलेली, आणि सोलरचा इन्व्हर्टर बंद. छपरावर तीन किलोवॅट गप्प बसलेले आणि खाली पडवीतली जुनी बॅटरी सव्वा युनिटावर घर ओढतेय. अण्णांनी मला पुण्याला फोन केला. "सूर्य आहे. तारा आहेत. पॅनेल आहे. मग अडलंय कुठं? सूर्य पण भारनियमनात गेला का?"

मी पॅनेलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, असंच असतं. साधा सोलर इन्व्हर्टर बाहेरच्या विजेचा ताल धरून चालतो. तो ताल थांबला की त्याने क्षणात थांबायचं, असा नियमच आहे. अँटी-आयलंडिंग म्हणतात. सगळीकडे अंधार असताना एक घर तारेत वीज सोडत राहिलं तर ते बेट होतं, आणि तारेवर माणूस असतो.

मला तो लाइनमन आठवला. हे अण्णांना समजावायला अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही. "म्हणजे त्याची साखळी," ते म्हणाले.

बेट हा शब्द मग काही दिवस डोक्यातून जाईना. आमच्या इथून वर मुरूडला जंजिरा, त्या नावातच अरबी जझीरा, बेट. मुंबईच्या विजेचीही एक बेट-व्यवस्था आहे, बाहेरचं जाळं कोसळलं की शहराने आपल्यापुरतं तुटून चालू राहायचं. १९८१ पासून तिच्यावर मुंबई निर्धास्त होती. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास तीही चालली नाही, लोकल जिथल्या तिथे थांबल्या आणि आमच्या मुंबईकर नातेवाइकांनी इन्व्हर्टर कुठला चांगला हे पहिल्यांदा आम्हाला विचारलं. (अण्णांनी अतिशय सविस्तर उत्तर दिलं. तेरा वर्षांचं काहीतरी वसूल करत होते.) आणि त्याच मुंबईसमोरच्या घारापुरीला, खऱ्याखुऱ्या बेटाला, समुद्राखालून केबल टाकून वीज गेली ती २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी तीन-चार तास जनरेटर. लेणी बघून शेवटच्या बोटीने परतणाऱ्यांना पलीकडची मुंबई झगमगताना दिसायची. ती गावालाही रोजच दिसत असणार.

गेल्या मार्चमध्ये शेवटी हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियमची बॅटरी घेतली. अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर असतं, बॅटरीवर नाही, त्यामुळे खिसा चांगलाच हलका झाला. मी याला शहाणपणाची गुंतवणूक म्हणणार नाही. पैशात बघायला गेलं तर वसूल होणार नाही बहुधा. सव्वीस दिवस डोक्यात होते म्हणून घेतली. ३.२ व्होल्टचे सोळा सेल, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे पाच युनिटांच्या थोडं वर, आणि त्यातली बहुतेक वापरता येते. लाईट गेली की ही यंत्रणा आधी बाहेरच्या तारेपासून स्वतःला तोडून घेते, मगच घराला वीज देते. बेट व्हायला परवानगी आहे, पण आधी दोर कापायचा. आणि दिवसा पॅनेल तिला भरतात, म्हणजे हंड्याला आता झरा आहे. पंप अजूनही वेगळाच ठेवलाय, बसवणाऱ्यानेच सांगितलं, सगळं घर बॅकअपवर घेऊ नका.

हिच्यातलं रसायन लोह-फॉस्फेटचं. ते ज्यांच्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात सापडलं त्या जॉन गुडइनफ यांना लिथियम बॅटरीच्या कामासाठी २०१९ साली नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. अण्णांना सगळ्यात आवडलेली माहिती ही. त्यांना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे.

हिला बूच नाही, काडी नाही. पाणी घालायचं नाही. पहिल्या अमावास्येला अण्णा पडवीत गेले, भिंतीवरच्या त्या पांढऱ्या चौकोनावरून फडकं फिरवलं, आणि मग काय करावं ते न कळून उभे राहिले. जुनी बॅटरी आणि तिचा इन्व्हर्टर आम्ही वहिनींकडे बसवून दिलाय. आता अमावास्येला नारळ फोडून झाला की ते पाच लिटरचा कॅन घेऊन त्यांच्याकडे जातात. वहिनी चहा ठेवतात.

या जुलैत मी गावी असताना रात्री पाऊस-वारा झाला आणि सकाळी लाईट गेलेली. आम्हाला कळलं ते आठ वाजता, मोबाईलवर बघितलं तेव्हा. वरच्या अंगाला, जिथे इन्व्हर्टर नाही, ती दोन घरं पहाटेपासून अंधारात होती. एकाही घरातून फोन गेला नव्हता. मी लावला. पलीकडच्या बाईंनी ग्राहक क्रमांक विचारला, गाव विचारलं, आणि मग थांबून म्हणाल्या, "मॅडम, मागे मिक्सर चालू आहे ना? मग लाईट आहे की तुमच्याकडे."

आई खोबऱ्याची चटणी वाटत होती.

"आमच्याकडे आहे," मी म्हटलं. "तुम्ही तक्रार लिहून घ्या."